अंधारातली ज्वारी

ज्वारीच्या कोंबांच्या खोलीत आम्ही अंधुक हिरव्या दिव्यावरच वावरतो. हिरवा उजेड कोंबांना जवळजवळ कळत नाही. लाल मात्र क्षणभर पडला तरी त्यांना वाटतं, आलो मातीबाहेर! लगेच खतातलं नायट्रेट पचवणारं एन्झाइम जागं व्हायला लागतं.

माझी विद्यार्थिनी लोसा हिची पीएचडी कोंबांच्या एका ट्रेवर अवलंबून होती. त्या वाणाचं बी संपलं होतं आणि पुन्हा मिळणार नव्हतं. एन्झाइम आधी झोपलेलं असेल, तरच उजेडाने ते किती जागं होतं हे मोजता येणार होतं.

आणि आमची मदतनीस नोएलीन कपाळावर लाल दिवा लावून पाणी घालायला आत शिरली. सुट्टीत ती किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या कासवांची राखण करते. कासवं बुजू नयेत म्हणून तिथे लालच दिवा लावतात.

"बंद कर तो," मी खेकसले.

"लाल आहे गं, व्हेरिटी. कासवाला चालतो, मग तुझ्या गवताला काय धाड भरलीय?"

"संपलं," मी म्हणाले. "फेका ट्रे."

"थांबा," लोसा म्हणाली. "दार उघडू नका. तो पलीकडचा दिवा द्या."

तिला लालच्याही पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा उजेड हवा होता. लालच्या पाठोपाठ तो पडला, तर लालचा हुकूम रद्द होतो. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आले, पण तेव्हा कुणाचं काही पणाला लागलेलं नव्हतं. मी दिवा दिला आणि तिने तो ट्रेवर धरला.

काही तासांनी लोसाने चार कोंब वाटून परीक्षानळीतल्या रसायनात घातले. एन्झाइम जागं असलं तर रंग गुलाबी होणार होता. आम्ही तिघी नळीकडे बघत राहिलो. ती पाण्यासारखीच राहिली.

"म्हणजे काय?" नोएलीनने हळूच विचारलं.

"झोपलंय अजून," लोसा म्हणाली.

मग तिने स्वतःच्या हाताने ट्रेवर लाल उजेड सोडला. संध्याकाळची नळी गुलाबी झाली, आणि लोसा फरशीवर बसून रडली. नोएलीन तिची पाठ थोपटत राहिली.

मी कोंबांकडे बघत होते. त्यांना डोळे नाहीत, डोकं नाही, धड पानसुद्धा फुटलेलं नाही. तरी सगळ्यात शेवटी कोणता उजेड आला, हे त्यांनी बरोबर ध्यानात ठेवलं होतं.