वृषभची डबी

“अण्णा, भोक हितं पाडू काय, मुनिमहाराजांच्या फोटोवर?” केबलवाल्या परशरामने स्टुलावरून विचारले. ड्रिल मशीन त्याने आधीच भिंतीला टेकवले होते, तेव्हा प्रश्न रीतीपुरताच होता.

“महाराजांच्या डोक्यावर नको रं,” तारामती आक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “टीव्हीच्या डोक्यावर पाड. त्याला काय पाप लागत न्हाय.”

भोक पडले. फायबरची पांढरी वायर आत आली, तिला राउटर लागला आणि राउटरशेजारी एक काळी डबी बसली. डबी मुलाने, वृषभने, जर्मनीहून कुरिअरने पाठवली होती. दिवाळीला मी स्वतःच येतो, असे तो मागच्या वर्षी म्हणाला होता. ते जमले नाही, डबीचे जमले. सोबत टीव्हीत खुपसायची एक काडी होती, ती आईवडिलांनी सिनेमे बघावेत म्हणून. डबी मात्र वृषभची स्वतःची.

“ह्या डबीचं काम काय?” पायगोंडा अण्णांनी विचारले.

“व्हीपीएन,” परशराम म्हणाला. “म्हंजे असं बघा. वृषभदादा तिकडं मॅच लावणार. कंपनी म्हणणार, तुमी जर्मनीत हाय, तुमाला ही मॅच न्हाय. मग दादा ह्या डबीतनं वळसा मारून जाणार. कंपनीला वाटणार, गडी निपाणीतच बसलाय.”

“म्हंजे माणूस तिकडं, आणि कागदावर हितं.”

“बरोब्बर.”

अण्णांनी मान डोलावली. माणूस एकीकडे आणि कागद दुसरीकडे, हा प्रकार सीमाभागातल्या निपाणीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आक्का मात्र पदराला हात पुसत बाहेर आल्या. “कंपनीला वाटतंय, तो घरात हाय?”

“व्हय आक्का. हा निळा दिवा लुकलुकायला लागला की समजायचं, दादा बघायलाय.”

“वाटू दे, वाटू दे,” आक्का म्हणाल्या आणि त्यांनी डबीखाली क्रोशाचा रुमाल घातला.

पायगोंडा अण्णांची सारी नोकरी सीमेजवळच्या एका बसस्टँडवर काचेच्या खोलीत, माइकसमोर गेली. कुठली गाडी कुठे लागली आहे, हे आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत सांगायचे, एवढेच काम. ‘रद्द’ हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. कुणी मना केले नव्हते, पण त्यांच्याने म्हणवत नसे. गाडी येणारच नसली तरी ते म्हणत, “गाडी उशिराने येईल.” हे खोटेही नव्हते. उद्या ती येतच असे. रोजचे प्रवासी त्यांना ओळखून होते. अण्णा ‘उशिराने’ म्हणाले की ते पिशव्या उचलून मुकाट्याने स्टँडबाहेरच्या वडापच्या जीपकडे चालू लागत. नवखे तेवढे बाकावर बसून राहत.

वृषभचा फोन आधी दर रविवारी यायचा. मग महिन्यातल्या एका रविवारी, मग सणाला. आपण केला तर लिहून यायचे, ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो.’ जर्मनीतले ‘नंतर’ बरेच लांबलचक असावे.

पण आता काडी आली होती आणि काडीत खाते वृषभचेच होते. टीव्ही लावला की ‘पाहणे सुरू ठेवा’ अशी एक रांग यायची. वृषभने काय काय बघितले त्याची चित्रे, आणि कुठवर बघितले ते सांगणारी प्रत्येकाखाली एक तांबडी रेघ. आक्का रोज सकाळी चष्मा लावून ती रेघ तपासायच्या. पूर्वी त्या तापातल्या पोराचे कपाळ अशाच तपासत.

“परवाचा सिनेमा निम्म्यावर टाकलाय. झोप लागली असंल.”

“असंल.”

“आणि हे खुनाचं कशाला बघतोय एकसारखं? सुनेचं नि त्याचं बरं हाय न्हवं?”

“मला काय माहीत? मी काय खुनात हुतो?”

चातुर्मास लागला. गाळलेले पाणी, दिवे लागायच्या आत जेवण, सगळे नियम सुरू झाले. त्यातच आक्कांच्या ध्यानात आले, की डबीच्या निळ्या उजेडावर किडे येतात आणि किड्यांवर पाल येते. महाराजांचा फोटो आणि टीव्ही यांच्या मधोमध, रोज त्याच जागी ती येऊन बसायची आणि एकेक उचलायची. महाराज वरून बघत असायचे. आपल्या घरात मॅचपायी हिंसा चालली आहे, हे आक्कांना सहन झाले नाही. त्यांनी बटण बंद केले आणि जपाची माळ घेतली. माळ निम्मी व्हायच्या आत फोन वाजला.

“आई, डबी बंद केलीस काय? शेवटच्या ओव्हरी चालल्यात!”

“वृषभ! जेवलास काय रं बाळा?”

“आई, डबी...”

“सर्दी झालीय काय? आवाज बसलाय तुझा.”

किड्यांचे कळल्यावर वृषभने परशरामला कळवले. दुसऱ्या दिवशी परशराम येऊन निळ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून गेला. उजेड झाकला गेला, किडे यायचे थांबले, हिंसा संपली. फोनही संपला.

थोड्या दिवसांनी अण्णांना ती पट्टी टीव्हीमागे सापडली.

“तारा, हे काय?”

“निघाली.”

“घडी घालून?”

“परत किडं यायला लागलेत,” आक्का शांतपणे म्हणाल्या. “बंद करायला पायजे.” आणि त्यांनी बटण दाबले.

“अगं, पोराचं नाक दाबून फोन करायला लावायचा? काय लाजबीज?”

“तुमी बोलू नगा. तुमी जल्मभर लोकांस्नी बसवून ठिवलं. मी एका पोराला ठिवलं तर काय झालं?”

फोन वाजला. अण्णांनी लाज जराशी बाजूला सारली. “स्पीकरवर टाक,” ते म्हणाले.

“लाईट गेलती रं,” आक्का फोनवर सांगत होत्या. त्या पावसाळ्यात निपाणीत लाईट किती वेळा गेली, हे जर्मनीत जेवढे माहीत होते तेवढे निपाणीत कुणालाच माहीत नव्हते.

आक्का खंगत चालल्या होत्या. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, उपवास भारी पडलेत. उपवास सोडले तरी पोट दुखायचे थांबेना, तेव्हा अण्णांनी त्यांना बेळगावला नेले. डॉक्टरांनी आधी इंग्रजीत सांगितले. मग अण्णांना बाजूला घेऊन कन्नडमध्ये सांगितले, आणि आक्कांनाही कन्नड येते हे कळल्यावर दोघांसमोरच मराठीत. तिन्ही भाषांत ते तेच निघाले.

परतीच्या बसमध्ये आक्का खिडकीशी बसल्या. हत्तरगीचा टोलनाका मागे पडला. मग म्हणाल्या, “वृषभला मी सांगणार. तुमी न्हाय.”

“का?”

“तुमी सांगितलं तर त्याला कायबी कळायचं न्हाय.”

अण्णांनी तिकिटांची घडी घालून खिशात ठेवली.

“आणि मरायलीय म्हणून बोलवायचं न्हाय. त्यानं जरा सवडीनं बोलू दे. मग सांगीन.”

त्या संध्याकाळी बटण अण्णांनी स्वतः बंद केले. पहिल्यांदाच. फोन लगेच आला.

“अण्णा, परत? अहो, मी इथं चार लोकांना घरी बोलवलंय मॅचला! काय चाललंय काय तुमचं?”

अण्णांनी फोन आक्कांच्या कानाला लावला.

“कसा हाईस?” आक्का म्हणाल्या.

“आई, आधी डबी बघा. आपण नंतर निवांत बोलू.”

“बरं,” आक्का म्हणाल्या आणि त्यांनी अण्णांना बटणाकडे बोट दाखवले. अण्णांनी ते दाबले. निळा दिवा लागला, लुकलुकू लागला. तिकडून चार माणसांचा आनंदाचा ओरडा ऐकू आला आणि फोन बंद झाला.

त्यानंतर दोघांनीही बटणाला हात लावला नाही. आक्का हिंडत्याफिरत्या होत्या तोवर सवड निघेल असे वाटत होते. दसरा झाला आणि आक्कांची कॉट बाहेरच्या खोलीत आली. तिथून डबी समोर दिसायची. निळा दिवा लागलेला असायचा, पण हल्ली तो लुकलुकत नसे. अण्णांना वाटले, मॅचचा हंगाम संपला असेल. आक्कांना आता टीव्ही सोसत नव्हता, तेव्हा तांबडी रेघ तपासणारे घरात कुणी उरले नव्हते.

एका संध्याकाळी आक्का म्हणाल्या, “आज सांगते. आज जरा दम हाय. लावा फोन.”

अण्णांनी आपल्या फोनवरून लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. आक्कांनी डबीकडे बघितले. अण्णा उठले आणि त्यांनी बटण बंद केले. मग आक्कांचा फोन त्यांच्या उशाखाली सरकवला, म्हणजे वाजला की हाताशी असावा, आणि खुर्ची ओढून बसले.

आक्का मधूनच ओठ हलवत होत्या. काय सांगायचे ते मनात लावून बघत असाव्यात. बाहेर दूधवाल्याची मोटारसायकल येऊन गेली. कुणाच्या तरी घरी फोडणी पडली. नेहमीपेक्षा बराच वेळ झाला.

अण्णांच्या खिशातला फोन एकदाच टिंगला. त्यांनी चष्मा लावला.

‘अण्णा, मीटिंगमध्ये आहे. डबीसाठी फोन केला असेल तर ते आता सोडून द्या. तुमच्याकडे लाईट सारखी जाते म्हणून मागच्या महिन्यात पुण्याला मित्राच्या घरी दुसरी बसवली. आता तुम्हाला त्रास नाही. आईला नमस्कार सांगा.’

अण्णांनी ते दोनदा वाचले. पोरगा वाईट नव्हता. आईवडिलांना त्रास नको, म्हणूनच त्याने केले होते.

“वृषभचा हाय?” आक्कांनी विचारले.

“व्हय.”

“काय म्हणतोय?”

अण्णांनी चष्मा काढला. माइकसमोर साफ करत तसा घसा साफ केला.

“उशिरा हाय,” ते म्हणाले.

आक्कांनी त्यांच्याकडे बघितले. त्या काही नवख्या प्रवासी नव्हत्या. त्यांनी उशाखालून फोन काढला आणि अण्णांच्या हातात दिला.

“चार्जिंगला लावा ह्याला. उद्या तुमीच कळवा त्याला. तुमच्या पद्धतीनं कळवा.”

अण्णा उठले. फोन चार्जिंगला लावताना हात बटणापाशी थांबला. “डबी सुरू करू?”

“नगं,” आक्कांनी डोळे मिटले. “किडं मरत्यात.”

अण्णा अंधारात तसेच उभे राहिले. खिडकीतून येणाऱ्या रस्त्यावरच्या उजेडात भिंत अर्धीमुर्धी दिसत होती. महाराजांचा फोटो आणि टीव्ही यांच्या मधोमध, नेहमीच्या जागी, पाल येऊन बसली होती. डबीकडे तोंड करून.