पत्रिका उघडू नका

"दादा, फोन आपोआप मेसेज पाठवायलाय!"

पाटोद्यातल्या पशुखाद्याच्या दुकानात, काउंटरमागे उभ्या वनमालाच्या हातात दुकानाचा मोबाइल तापला होता. मघाशी ओळखीच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली होती. मालक विजयसिंहांचा नियमच होता, पत्रिका आली की लगेच उघडायची आणि 'सहकुटुंब येतो' म्हणून कळवायचं. लग्न चुकवणाऱ्या पुढाऱ्याला गाव विसरत नाही.

तिने उघडली.

*परवानगी द्या.*

तिने दिली. आता तीच पत्रिका दुकानाच्या नावाने गिऱ्हाइकांना चालली होती.

*पाठवले. पाठवले. पाठवले.*

तिने फोन बंद केला. स्वतःच्या फोनवरून बँकेला सांगून दुकानाचं खातं थांबवलं, सायबर पोलिसांकडे तक्रार केली.

"झालं ना? आता गप बस," विजयसिंह म्हणाले.

"लोकायला सांगावं लागंल."

"काय सांगणार? विजयसिंहाच्या दुकानात चोर शिरला? निवडणूक तोंडावर हाय."

"तुमचं नाव बघून उघडतेल ते. खाती रिकामी होतेल त्यांची."

"सांगितलंस तर उद्यापासून येऊ नको."

याच पगारावर तिच्या लेकीचं, योगिताचं, नर्सिंग चालू होतं.

*तुम्हाला खात्री आहे का?*

असं कुणी विचारलं नव्हतं. फोन तर काळा पडला होता.

बाहेर आठवडी बाजार भरलेला. दुकानाच्या पिकअपवर पेंडीच्या जाहिरातीचा भोंगा. वनमालाने माइक उचलला.

"ऐका. दुकानाच्या नंबरवरून पत्रिका आली आसंल तर उघडू नका. लग्न न्हाई. चोरांची हाय. मी वनमाला. माझ्याच हातनं झालंय."

"आन् जेवण?" कांद्याच्या ढिगामागून कुणीतरी ओरडलं. हशा. मग हशा विरला. खिशातून फोन निघू लागले.

"ताई, मी उघडली की!"

"फोन बंद कर. आदी बँकेत पळ!"

तो पळाला.

बाजार मोडेपर्यंत ती तेच सांगत राहिली. परतली तेव्हा विजयसिंहांनी किल्ल्यांसाठी हात पुढे केला होता. तिने त्या काउंटरवर ठेवल्या.

तेवढ्यात म्हाळू आला. डोंगरातला मेंढपाळ, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. आज धुतलेलं धोतर, गुलाबी फेटा, काखेत आहेराची टॉवेल-टोपी, हातात नारळ.

"मांडव कुठंय, ताई?"

वनमाला पुढे झाली. "म्हाळूबा, पत्रिका उघडली का?"

"न्हाई. सून म्हणली, उघडू का? म्हणलं, कावून? दादांनी लग्नाला बोलावलंय, उघडून काय बघायचं? जायाचं." तो विजयसिंहांकडे बघून हसला. "पयल्यांदाच बोलावलं."

विजयसिंह काळ्या फोनकडे बघत राहिले.

"लग्न न्हाई, म्हाळूबा," वनमाला म्हणाली. "चोरांनी पाठवली ती."

"म्हंजे दादांनी न्हाई बोलावलं."

त्याने टॉवेल-टोपी पुन्हा काखेत दाबली.

"योगिताचं लग्न ठरलं की मी येते," ती म्हणाली. "सोता. पत्रिका घिऊन, अक्षदा घिऊन."

"मेंढरं कुठं आसतेल, सांगता येत न्हाई."

"हुडकीन."

म्हाळूने नारळ तिच्या हातात दिला. तिने आधी डोक्यावर पदर घेतला आणि मग दोन्ही हातांनी तो धरला.