मर्लचा तक्ता

मर्ल स्टकीची नजर गेली तेव्हा त्याने दोनच गोष्टींचं दुःख केलं. एक, आता ट्रक चालवता येणार नाही. दोन, मार्च महिन्यातला तक्ता स्वतःच्या हाताने भरता येणार नाही. बायको व्हॉनेटा म्हणाली होती, "माझं तोंड दिसणार नाही याचं काहीच नाही का रे?" त्यावर तो म्हणाला, "ते पाठ आहे मला."

तक्ता म्हणजे कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेचा. चौसष्ट संघ, हरला तो घरी. कोण कोणाला हरवणार ते पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत आधीच लिहून द्यायचं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ज्याने हा तक्ता भरला नाही त्याची एक तर तब्येत बरी नसते, नाही तर तो बाहेरचा असतो. मर्लच्या गावात तक्ते नोरीनच्या खानावळीत भिंतीवर लागत. नियम दोनच. एका माणसाचा एकच तक्ता, आणि तो शाईने. बरोबर ओळखलेल्या प्रत्येक सामन्याचे दोन गुण, आणि सर्वांत जास्त गुणांचा तक्ता काचेत बसवून केक-पायच्या कपाटावर कायमचा टांगला जाई. मर्लने एकतीस वर्षं हायस्कूलच्या जिममध्ये सामन्यांचे गुण लिहिले होते, पण त्या कपाटावर त्याचा नंबर कधी लागला नव्हता. लागला तो नेमका नजर गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी. व्हॉनेटाला जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. मर्लने आपल्या निवडी आठवून तोंडी केलेला हिशेब जाहीर झालेल्या गुणांपेक्षा चारने कमी भरत होता खरा, पण वयाने आपण काहीतरी विसरलो असू, असं म्हणून त्याने तो विषय सोडून दिला. त्या वर्षी तो परत माणसांत आला, तो त्या काचेच्या जोरावर.

यंदा रविवारी संध्याकाळी जोड्या जाहीर झाल्या आणि ग्लेन नेहमीप्रमाणे पेन घेऊन हजर झाला. ग्लेन हा शाळेपासूनचा मित्र. मर्लने सांगायचं आणि ग्लेनने लिहायचं, अशी चार वर्षांची रीत होती.

"लेकमोर विरुद्ध कॅल्डर," ग्लेनने वाचलं.

कॅल्डर म्हणजे वीस मैलांवरचं आपलंच कॉलेज, पंधराव्या क्रमांकाचं. लेकमोर दुसऱ्या.

"कॅल्डर," मर्ल म्हणाला.

"लेका, कॉफीत काय घातलंस?"

"रेडिओवर ऐकलंय मी. लेकमोरचा तो उंच पोरगा गेले तीन सामने उडी मारल्यावर लंगडतो, बोलणारा सांगत नाही पण त्याचा आवाज सांगतो. आणि आपली पोरं फ्री थ्रो चुकवत नाहीत. सामना शेवटी त्यावरच येणार. लिही."

"गाव हसेल, मर्ल."

"हसू दे. लिही शाईने."

पेन कागदावर खरखरलं. ग्लेनने त्याचं बोट धरून सहीच्या जागी टेकवलं, आणि मर्लने मोठ्या ऐटीत सही ठोकली.

गुरुवारी दुपारी खानावळीत उभं राहायला जागा नव्हती. मर्ल डोळे मिटून ऐकत होता, कारण उघडे ठेवून उपयोग नव्हता. चार सेकंद उरले तेव्हा कॅल्डर एका गुणाने मागे होतं आणि त्यांच्या एका पोराला फाउलचे दोन फ्री थ्रो मिळाले, एकेका गुणाचे. पहिला आत. दुसराही आत. वेळ संपली तेव्हा लोक इतके ओरडले की भांडी वाजली.

मर्ल उभा राहिला. सत्तर वर्षांचा माणूस रडत होता. "नोरीन! वाच माझा तक्ता! सगळ्यांना वाचून दाखव!"

नोरीन भिंतीशी गेली आणि तिथेच थबकली.

"मर्लकाका, इथे लेकमोर लिहिलंय."

"दुसऱ्या कुणाचा बघत असशील."

"सही तुमचीच आहे, काका."

मर्लने मान वळवली ती नेमकी ग्लेनकडे. "ग्लेन?"

"अरे, तुझ्या भल्यासाठीच केलं," ग्लेन पुटपुटला. "तुला शेंडी लावायची म्हणून नाही. सगळे तुझी टर उडवतील, म्हातारा गेला कामातून म्हणतील, ते मला बघवलं नसतं."

"हा एकच बदललास?"

ग्लेनने टेबलावरच्या किल्ल्या उगाच सरकवल्या. मर्लच्या डोक्यात दोन वर्षांपूर्वीचे ते चार गुण लख्ख उभे राहिले. आपण काहीच विसरलो नव्हतो.

"काचेतला?"

"दोनच सामने, मर्ल. व्हॉनेटा नुकतीच गेलेली. तू जेवत नव्हतास. म्हटलं, एवढं तरी..."

"माझे डोळे गेले होते, ग्लेन. डोकं नव्हतं गेलं." मग तो नोरीनकडे वळला. "वाच पोरी. पहिल्या फेरीचे सगळे."

नोरीन वाचू लागली. टीव्हीचा आवाज कुणीतरी बंद केला. प्रत्येक नावावर मर्ल एक शब्द बोले. "माझं." "माझं." "त्याचं." कागद डोळ्यांसमोर धरल्यासारखा तो सांगत होता, आणि ग्लेनला एकदाही नाही म्हणता आलं नाही. बत्तीसपैकी सात ग्लेनचे निघाले. लबाडाने केलं असतं तर मर्ल शिव्या देऊन मोकळा झाला असता; पण हा माणूस त्याला रोज औषधाच्या बाटल्या वाचून दाखवायचा.

"काचेतला खाली काढ," तो नोरीनला म्हणाला. "ग्लेनचा आहे, ग्लेनला दे."

नोरीनने तो काढला. ग्लेनने घेतला नाही, म्हणून तिने तो टेबलावर ठेवला.

लोक हळूहळू पुन्हा खाऊ लागले. ग्लेनने किल्ल्या उचलल्या आणि नेहमीसारखं कोपर पुढे केलं. "चल मर्ल. घरी सोडतो तुला."

मर्लचा हात सवयीने वर आला होता. त्याने तो खाली घेतला आणि टेबलाची कड धरली.

"मी घरी म्हणेन," तो म्हणाला, "आणि तू नेशील कुठे, मला काय दिसतंय?"