कोपऱ्यातलं गाढव

पालिकेच्या निरीक्षकाने फाटकाला बांधलेल्या गाढवाचा कान उलटा करून पाहिला, तशी गाढवाने मान हिसडली आणि त्याच्या हातातला तक्रारीचा फॉर्म चिखलात पडला.

"कानाला चीर दिलेली आहे," फॉर्म पँटला पुसत तो म्हणाला. "म्हणजे हे कधीतरी कुणाचं तरी होतं."

"मग शोधा ना त्याला!"

नर्सरीवालीच्या पायाशी रोपांचे ट्रे चेपून पडले होते. शाळेच्या बागेसाठी दोन महिने जीव लावून वाढवलेली रोपं, सोमवारी द्यायची होती. गाढवाने खाल्लं थोडं, पण लोळून सगळ्याची पार वाट लावली होती. हे तिसऱ्यांदा. कुंपण वाकवून आत यायचं आणि एवढी मोकळी जागा सोडून नेमकं त्याच कोपऱ्यात आडवं व्हायचं.

"मोकाट सोडलं म्हणून मालकाची जबाबदारी सुटत नाही," निरीक्षक म्हणाला. "सापडला, तर नुकसान त्यानेच भरून द्यायचं."

"सापडू दे तर खरा! अंगात जोर होता तोवर राबवलं असेल आणि मग दिलं हाकलून. आता बसला असेल तोंड लपवून."

मागे तिचे सासरे नळाखाली झारी भरत होते. झारी केव्हाच भरली होती आणि पाणी त्यांच्या चपलांवरून वाहत होतं.

"बाबा, नळ!"

त्यांनी नळ बंद केला.

"आणि मालक नाहीच सापडला तर?" तिने निरीक्षकाला विचारलं.

"तर भरपाई विसरा. गाढव आम्ही उचलून नेऊ, नदीपलीकडच्या माळावर सोडू. पुन्हा यायचं नाही."

"येतं," सासरे म्हणाले.

दोघांनी वळून पाहिलं.

"तिथूनच आलंय ते. टेम्पो घेतला तेव्हा मीच सोडून आलो होतो. तू या घरात यायच्या आधी." ते सुनेकडे न बघता बोलत होते. "बारा वर्षं विटा वाहिल्या त्याने. परत यायला चार वर्षं लागली." त्यांनी कोपऱ्याकडे हात केला. "तिथे खुंटा होता त्याचा. साहेब, लिहा माझं नाव."

तिला सासऱ्यांचा भयंकर राग आला. आणि त्यांच्या ओल्या चपला बघून वाईटही वाटलं.

निरीक्षकाने पेनाने डोकं खाजवलं. "तक्रारदार सून, मालक सासरे. आमच्या फॉर्मात असं बसत नाही हो. तक्रार मागे घेता का, बाई?"

"मागे का म्हणून? नुकसान झालंय माझं."

असं म्हणत ती कोपऱ्यात गेली आणि तिथले वाचलेले ट्रे उचलून समोरच्या भिंतीशी नेऊन ठेवू लागली.

"बरं. मालकाचा पत्ता?"

"हाच."

"हा तुम्हा दोघांचा झाला. जनावर सध्या कुठे असतं, तेही लिहावं लागतं."

ती ट्रे छातीशी धरून थांबली. कोपरा आता रिकामा झाला होता.

"तिघांचाही हाच लिहा," ती म्हणाली. "आणि बाबा, तो खुंटा आहे का अजून, की तोही नदीपलीकडे टाकून आलात?"