मंगळवारचा रंग वेगळा

"मॅडम, तुम्ही झोपता कवा?"

अख्खा वर्ग गार! शेजारी बसणाऱ्या शिवकन्यानं पैज लावली होती, "विचारून दाखव, एक प्लेट भजी माझ्याकडनं." आणि दहावीतली राजेश्वरी भज्यांसाठी नाही, पण पैजेसाठी कुठंही उडी टाकणारी.

गणिताच्या मिनाज मॅडम रोज धाराशिवहून एसटीनं तुळजापूरला यायच्या, शिकवायच्या, पीएचडी करायच्या, वर संध्याकाळी बॅडमिंटन! रागवायचं सोडून त्यांनी मोबाईलवरचं कॅलेंडरचं ॲप पुढं केलं. "हा बघ निळा पट्टा. रात्री दहा ते पहाटे पाच, माझी झोप."

राजेश्वरी बघतच राहिली. सबंध दिवस उभा मांडलेला, रंगीत पट्ट्यांत! जितका वेळ, तितका पट्टा लांब. आणि एक लाल रेघ हळूच खाली सरकत होती. ती जिथं असेल तिथं 'आत्ता'. आजवर तिनं घड्याळात वेळ नुसता वाचला होता. वेळ केवढा असतो, ते आज दिसलं.

तिला नेमकं हेच हवं होतं. कबड्डीच्या तालुका संघात तिचं नाव निघालेलं. खेळाच्या सरांची अट एकच: आठवड्यातनं कुठलेही चार दिवस, साडेपाच ते सात सराव, आणि होय की नाही ते शनिवारपर्यंत. घरचं देवळाजवळ हळदीकुंकवाचं दुकान. पप्पा म्हणजे उत्तरेश्वरराव म्हणाले होते, "शाळा, क्लास, दुकान. कबड्डीला टाईम हाय कुठं? दाखव की!"

त्या संध्याकाळीच तिनं आईच्या मोबाईलमध्ये तेच ॲप घेतलं आणि रोज साडेपाच ते सात भगवा पट्टा ठोकून दिला. कबड्डी!

दुसऱ्या दिवशी मंगळवार, देवीचा वार. सोलापूरच्या गाड्या भरभरून आल्या, दुकानापुढं ही गर्दी! लाल रेघ भगव्या पट्ट्यावरनं सरळ खाली निघून गेली, आणि राजेश्वरी कुंकवाच्या पुड्याच बांधत बसली.

"खेळून आलीस व्हय गं?" पप्पांनी टोमणा हाणलाच.

बुधवारी तिनं शाळेत नेलेला आईचा मोबाईल मॅडमनी बघितला आणि त्या खळखळून हसल्या. "अगं, सातही दिवस एकाच मापाचे कापलेस! तुळजापुरात मंगळवार आणि बुधवार सारखे असतात का कधी?"

लई सोपं होतं, अन् तिला सुचलंच नव्हतं! तिनं सगळं पुसून नव्यानं मांडलं. मंगळवार, शुक्रवार, रविवार गर्दीचे. तिथं संध्याकाळभर दुकानाचा कुंकवाच्या रंगाचा पट्टा. उरलेल्या चार दिवशी साडेपाच ते सात आपण खरंच काय करतो, ते आठवून बघितलं. काहीच नाही. तिथं पांढरं सोडलं.

गुरुवारी पाच वाजता ती दुकानात उभी राहिली.

"पप्पा, गिऱ्हाईक किती?"

"दिसतंय की. कुणी न्हाय."

"मग तुम्ही काय करताय?"

"पेपर वाचतोय."

"सकाळपासनं तिसऱ्यांदा," आई, महानंदाबाई, आतनं म्हणाली.

पप्पांनी तिच्या हातातला मोबाईल घेतला. एकेक दिवस बोटानं सरकवला, परत मागं आणला. "हे पांढरं... एवढं मोठं हाय?" मग एकदम, "आन् पौर्णिमेची गर्दी?"

"ती पण कुंकवाच्या रंगात. त्या आठवड्यात बुडलेला सराव सकाळी. विचारलंय मी सरांना."

आई दारात आली. राजेश्वरीनं ओढणी कमरेला खोचली.

"आई, पप्पा, ऐका. मी संघात खेळणार. गर्दीचे तीन दिवस दुकान सोडून कुठं हलणार न्हाय. पण सोमवार, बुधवार, गुरुवार, शनिवार साडेपाचला मी मैदानावर. सरांना 'होय' सांगून आलेय, आणि आज गुरुवार हाय. निघाले मी!"