दोन डिग्री जास्त

अंबरनाथच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात, सुकवणीच्या शेडमध्ये एक नियम होता. भिंतीवरचं थर्मामीटर चाळीसवर गेलं की भट्टीवरच्या आम्हा बायकांनी बाहेर सावलीत बसायचं. सत्त्याऐंशीच्या संपात एवढंच आमच्या पदरात पडलं होतं, तेही हिरामणमुळे. पुढच्या उन्हाळ्यात त्याची बायको द्रौपदी त्याच शेडमध्ये ट्रे ओढत होती आणि तिला सातवा लागला होता.

हिरामणचं दहावीपर्यंत सायन्स झालेलं, त्यामुळे कशावरही विश्वास ठेवायचा नाही हे त्याचं तत्त्व. मॅनेजर श्यामकांतसाहेबांनी मुद्दाम कमी दाखवणारं थर्मामीटर लावलंय, नाहीतर द्रौपदीला आणखी लवकर बसायला मिळालं असतं, हे त्याच्या डोक्यात बसलं. आम्ही म्हटलं, मिळतंय ते गोड मानून गप बस. पण तो कसला ऐकतोय. तपासणी हवी, तीही सगळ्यांसमोर.

साहेब लगेच तयार झाले. तिथेच आम्हाला शंका यायला हवी होती.

उल्हासनगरहून गोणपाटात गुंडाळून बर्फ हिरामणनेच आणला. तो कुटून बादलीत भरला, वर थोडं स्वच्छ पाणी ओतलं आणि भिंतीवरचं थर्मामीटर काढून त्यात बुडवलं. वितळत्या बर्फात पारा शून्यावरच थांबला पाहिजे, हे त्याने आम्हाला सभेत बोलल्यासारखं ऐकवलं.

"शून्याच्या खाली गेला, की साहेब चोर," तो म्हणाला.

पारा उतरत उतरत दोनवर आला आणि तिथेच बसला. हिरामणने बर्फ ढवळला, काचेवर टिचक्या मारल्या, पुन्हा वाट पाहिली. पारा ढिम्म.

काचेची नळी पट्टीवर जराशी वर सरकली होती. थर्मामीटर दोन डिग्री जास्त सांगत होतं आणि आम्ही अडतीसलाच चाळीस समजून सावलीत बसत होतो. नळी सरळ करायला गेलो तर साहेबांनी हात लावू दिला नाही, फुटेल म्हणाले. लाल रंगाची डबी हिरामणच्या हातात दिली आणि बेचाळीसवर खूण करायला लावली. मग शास्त्राचा विजय झाला म्हणून सगळ्यांना चहा पाजला. मला हिरामणचा असा संताप आला होता की मी तो चहा तसाच ओतून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पारा चाळीसच्या वर गेला. द्रौपदीने ट्रे खाली ठेवला आणि पोटाखाली हात धरून नवऱ्याकडे पाहिलं.

"बसू का जरा?"

हिरामण थर्मामीटरपाशी गेला. साहेब दारातच उभे होते.

"अजून एक डिग्री," हिरामण म्हणाला.