पांढरी गाडी, काळं छत

मित्रांनो, मंठाळ गावात नरसिंग अण्णांच्या दारासमोर, लिंबाच्या झाडाखाली, पत्रे चेपलेली एक पांढरी मोटार उभी दिसते ना? ती मी. शाळेत जाता-येता पोरं मला बघून 'डबडं, डबडं' म्हणून ओरडतात. ओरडू द्या. मी जुनी आहे हे खरं आहे, पण म्हातारपणामुळे माझं हे असं झालेलं नाही. मला मारलंय. दगडांनी, काठ्यांनी आणि लोखंडी टामीनं मारलंय. आणि ज्या वेळी मला मारत होते त्याच वेळी, तिथून थोड्याच अंतरावर, एक बाई रस्त्यावर पडून जिवाशी झगडत होती. ते सगळं सांगते. मधेच उठून जाऊ नका.

तसा माझा जन्मच मारातून झाला. कारखान्यात पत्रा पुढे सरकतो, वरून हत्तीएवढं वजन धाडकन खाली येतं आणि एका फटक्यात बॉनेट तयार होतं. पुढच्या फटक्यात दार. मग तापलेल्या टोकांनी जागोजागी चटके देऊन ते सगळं एकमेकांना जोडतात. त्या मारात कुणाचा राग नव्हता, म्हणून त्याचं मला कधी दुःख झालं नाही. रागानं मारलेला फटका कसा लागतो ते मला पुढे कळायचं होतं.

पहिली काही वर्षं मी बिदरला एका साहेबांकडे काढली. ते मला रोज पुसायचे आणि महिन्यातून एकदा कुठे फिरवलं तर फिरवायचे. मी मोटार आहे की त्यांच्या दिवाणखान्यातला सोफा, हे मलाच समजेनासं झालं होतं. नरसिंग अण्णांनी मला विकत घेतलं तेव्हा कुठे मला रस्ता दिसला. घरी आले त्या दिवशी इंदिराबाईंनी माझ्यावर फुलं वाहिली, आणि त्यांच्या लेकीनं, पंचशीलानं, मागच्या काचेवर निळं धम्मचक्र चिकटवलं.

मग मी कामाला जुंपले गेले. अण्णा शेतकरी माणूस. तुरीची पोती, सोयाबीनचं बियाणं, पाण्याची मोटर, एकदा तर दोन शेळ्यासुद्धा माझ्या मागच्या सीटवरून गेल्या. शेळ्यांनी काय केलं ते विचारू नका. गल्लीत कुणी आजारी पडलं की पहिली हाक अण्णांना यायची. बसवकल्याणच्या दवाखान्यात मी किती बायकांना बाळंतपणासाठी नेलं असेल! परत येताना कापडात गुंडाळलेलं बाळ माझ्यात झोपलेलं असायचं आणि अण्णा मला इतके हळू चालवायचे की सायकलीसुद्धा पुढे जायच्या. तेव्हा मला कुणी डबडं म्हणत नव्हतं.

पण दिवस गेले. ऊन-पावसानं रंग उडाला, दिवे पिवळे पडले, दाराच्या खालच्या कडा गंजल्या. पंचशीला शिकायला कलबुर्गीला गेली. एकदा अण्णा तिला न्यायला वसतिगृहाच्या दारात आले, तेव्हा तिची एक मैत्रीण मला बघून म्हणाली, "अगं, ही गाडी हाय का कोंबड्याचं खुराडं?" सगळ्या हसल्या. पंचशीलाही हसली. तिच्या मनात काही नव्हतं हो, पण अण्णांनी ते ऐकलं.

पुढच्या वेळी लेकीला आणायला जायच्या आधी त्यांनी मला नटवायचं ठरवलं. गॅरेजवाल्याकडे नाही, घरीच. मोबाईलवर बघून बघून ते पक्के कारागीर झाले होते. पहिल्यांदा त्यांनी मला काचपेपरनं घासलं. अंगावरची कातडी सोलून काढावी तसं वाटलं मला. मग खड्ड्यांत पुट्टी भरली, दिव्यांना वर्तमानपत्रं बांधली आणि फवाऱ्याच्या डब्यानं पुढचा बंपर रंगवला. पिवळे दिवे दात घासायच्या पेस्टनं घासून काढले. चाकांवर चंदेरी प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या, छतावर काळा चकचकीत कागद चिकटवला आणि चारी दारांच्या काचांवर काळी फिल्म लावली.

"काचा काळ्या कामून केलाव?" इंदिराबाई म्हणाल्या. "पोलीस धरतेत की."

"धरू दे. पंचशीलाच्या मैत्रिणीला दिसू तर दे," अण्णा म्हणाले. "आता बघ, वळखू येती का ही?"

खरं सांगते मित्रांनो, मीही फुगले होते. समोरच्या घराच्या खिडकीत मला माझं रूप दिसलं आणि मलाच मी ओळखू आले नाही. ओळखू न येण्यात काय धोका असतो, हे त्या वेळी ना अण्णांना कळलं ना मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बंपरचा जाड रंग पुरता वाळलाही नव्हता तरी, आम्ही कलबुर्गीला निघालो. हुमनाबादच्या अलीकडे एक फाटा लागतो. त्याचं नाव मी सांगणार नाही, उगाच गावाची बदनामी नको. त्या फाट्यावर धोंडप्पाचं पंक्चरचं दुकान आहे. माझ्या चाकांत वर्षानुवर्षं हवा भरली ती या धोंडप्पानं. अण्णांची आणि त्याची मोठी दोस्ती. अण्णांच्या मनात आलं, धोंडप्पाला जरा चकवावं. त्यांनी मला दुकानासमोर नेऊन उभं केलं, काचा बंद ठेवल्या आणि हॉर्न वाजवून आत हसत बसले. धोंडप्पा आपल्याला ओळखतो का, ते त्यांना बघायचं होतं.

धोंडप्पा कानाला मोबाईल लावून उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पुढचं समजण्यासाठी आत्ता सांगते, हे मला नंतर कळलं. फाट्यापासून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वळणावर, धोंडप्पाच्या चुलतभावाची बायको चंद्रम्मा गवताचा भारा घेऊन चालली होती. एका गाडीनं तिला उडवलं आणि ती गाडी न थांबता हमरस्त्याकडे पळाली. चंद्रम्माची जाऊ महादेवी मागून येत होती. तिनं आरडाओरडा केला, कुणीतरी फाट्यावर फोन लावला. फोनवर एवढंच सांगितलं होतं: पांढरी गाडी, काळं छत, काळ्या काचा, अडवा तिला.

आणि धोंडप्पासमोर मी हॉर्न वाजवत उभी.

तो टामी घेऊन मागच्या बाजूनं धावत आला. टामी म्हणजे टायर काढायची लोखंडी पहार. रागाच्या भरात त्याला ना माझा नंबर दिसला, ना काचेवरचं चक्र. पहिला घाव त्यानं माझ्या मागच्या काचेवर घातला. काचेचा चुरा झाला, धम्मचक्राचेही तुकडे झाले. "हीच ती! धरा रे!" तो ओरडला. तोवर गावातून फटफट्या येऊन धडकल्या होत्या. वीस-पंचवीस गडी असतील. कुणी दगड उचलले, कुणाच्या हातात काठ्या होत्या. माझी दारं, दिवे, आरसे, सगळ्यांवर एकदम मार सुरू झाला. दगड लागला की पत्रा आत जातो आणि आतून कण्हल्यासारखा आवाज येतो. तो माझाच आवाज होता.

एकानं माझ्या बंपरवर हात फिरवला. बोटाला पांढरा रंग लागला.

"रंग वला हाय आजून!" तो किंचाळला. "रगत झाकायला रंग मारलाय ह्येनं!"

झालं. त्या ओल्या रंगानं अण्णांचा गुन्हा सिद्ध झाला. दार उचकटून त्यांनी अण्णांना केसांना धरून बाहेर ओढलं. "अरे, मला इचारा तरी! म्या काय केलं?" अण्णा म्हणत होते. कुणी विचारलं नाही. एक काठी त्यांच्या डोक्यात बसली, दुसरी डाव्या हातावर, आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ते मातीत तोंडावर पडले. पडलेल्या माणसाला लाथा मारताना लोकांना कसला जोर येतो कोण जाणे! ज्यांना काय झालं हे ठाऊकही नव्हतं, असे रस्त्यानं जाणारेसुद्धा उतरून दोन लाथा मारून गेले. मला त्यांचा आजही संताप येतो. मी चार चाकांची, एवढी जड, आणि माझ्या माणसाला मारत असताना मला जागचं हलता आलं नाही.

धोंडप्पा अजून माझ्या मागेच होता. त्यानं माझ्या मागच्या चाकावर टामी हाणली. चंदेरी टोपी उडून पडली आणि खालची जुनी रिम उघडी पडली. गेल्या वर्षी खड्ड्यात आपटून ती वाकली होती. धोंडप्पानंच ती ठोकून सरळ केली होती आणि त्या जागेवर पिवळ्या रंगाचा फराटा ओढला होता. स्वतःच्या हातचं काम माणूस विसरत नाही. त्याच्या हातातली टामी गळून पडली.

"थांबा रे! ही नरसिंग अण्णाची गाडी हाय! मारू नका!"

"कुणाची बी आसू दे!" कुणीतरी ओरडलं.

मग त्यानं जाऊन अण्णांच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं. दोन काठ्या त्याच्या पाठीवर बसल्या, तरी तो उठला नाही.

तेवढ्यात महादेवी पळत आली. पायात चप्पल नाही, पदर फाटलेला, छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"काय करायलाव रे तुमी?" ती ओरडली. "तिकडं चंद्रम्मा मरायलीय! दवाखान्याची गाडी यायला येळ हाय म्हनतेत. गावात एक फटफटी न्हाई ठिवलाव, समद्या इकडं आणलाव!"

"वैनी, गाडी घावली..." एकजण माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "ही? ही न्हवं ती! ती मोठी व्हती, उच्ची. ती गेली कवाच!"

काठ्या खाली आल्या. मग एक फटफटी सुरू झाली, मग दुसरी. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना. पोलीस येतील या भीतीनं बघता बघता सगळे पसार झाले. राहिले तिघं: मातीत बसलेले अण्णा, धोंडप्पा आणि महादेवी.

अण्णांच्या कपाळावरून रक्त डोळ्यांत उतरत होतं. ते उजव्या हातानं माझ्या दाराला धरून उभे राहिले.

"कुटं हाय ती बाई?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, तुमी बसा, तुमाला..." धोंडप्पा रडायला लागला.

"रडू नगंस. तुला गाडी येती का?"

"न्हाई अण्णा. फटफटीच येती."

"मग बाजूला बस. माझा डावा हात उठंना. म्या सांगतो तसं गेर टाक."

माझ्या अंगावर एकही जागा शाबूत नव्हती, पण इंजिनाला कुणी हात लावला नव्हता. त्यांना राग आला होता तो माझ्या काळ्या छताचा, म्हणून जे वरून दिसत होतं तेवढंच त्यांनी फोडलं. अण्णांनी चावी फिरवली आणि मी पहिल्या झटक्यात सुरू झाले. आयुष्यात एवढ्या जोमानं मी कधी सुरू झाले नव्हते.

वळणावर चंद्रम्मा पडलेली होती. गुडघ्याखाली पाय चिरडलेला, आणि गवताचा भारा रक्तानं भिजलेला. महादेवीनं पदराची पट्टी फाडून पाय बांधला, मागच्या सीटवरच्या काचा हातानं झटकल्या आणि तिघांनी मिळून तिला आत निजवलं. मग आम्ही हुमनाबादकडे सुटलो. समोरची काच नव्हती, वारा आणि धूळ थेट तोंडावर येत होती. अण्णा एका हातानं स्टिअरिंगचं चाक धरून म्हणत होते, "पयला टाक. आता खाली वढ, दुसरा. आता मधी आणून वर, तिसरा." आणि ज्यानं मला पहिला घाव घातला तोच धोंडप्पा गिअर टाकत होता. मधेच चंद्रम्मानं डोळे उघडले.

"सीट खराब व्हायलीय की ओ तुमची," ती म्हणाली.

"व्हऊ द्या अक्का," अण्णा म्हणाले.

ती वाचली, मित्रांनो. पण पाय गेला. तरुण डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "जरा आधी आणलं असतं तर पाय वाचला असता. इतका वेळ काय करत होतात तुम्ही?" धोंडप्पा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पोलीस आले तेव्हा पहिला घाव आपणच घातला, हे त्यानं आपण होऊन सांगितलं. बाकीचे वीस-पंचवीस जण मात्र अजून कुणालाच आठवत नाहीत. चंद्रम्माला उडवणारी गाडीही अजून सापडलेली नाही.

पंचशीला बसनं घरी आली. मला बघून ती माझ्या बॉनेटवर डोकं ठेवून खूप रडली. मग तिनं चाकू घेऊन माझ्या छतावरचा काळा कागद खरवडून काढला आणि दारांवरची उरलीसुरली काळी फिल्म ओरबाडून टाकली. अण्णांचा हात आता बरा आहे, थोडा वाकडा राहिलाय. मला रंग लावू नका, पट्टे चिकटवू नका असं मी म्हणणार नाही. नटावंसं कुणाला वाटत नाही? अण्णांनी लेकीच्या मायेपोटी मला नटवलं होतं, त्यात कसला गुन्हा?

माझं मागणं वेगळंच आहे. नवा पाय बसवायच्या कामासाठी मी आता अधूनमधून चंद्रम्माला कलबुर्गीला नेते. परवा त्या वळणावरून जाताना ती अण्णांना म्हणाली, "हितं पडून व्हते बगा म्या. गावातल्या फटफट्या एकेक करून जवळून जायल्या. आवाज आला की वाटायचं, आता कुणीतरी मला न्यायला आलं. ही थांबती, म्हागची थांबती. एक बी थांबली न्हाई."

मित्रांनो, तुम्ही कधी त्या फटफटीवर असलात, तर थांबा.